पिसाची माशी

रस्त्याच्या कामावर पोलादपुरात आलेले ओव्हरसियर माझ्या ओट्यावर चहा पिता पिता गळाला कोंबड्याचं पीस बांधत आणि त्याची हुबेहूब माशी करत. कुठल्याशा गोऱ्या साहेबाकडून शिकलेली मासे भुलवायची विद्या! बोलताना डोळे गळावरून उचलत नसत. असल्या माणसाचा मला भरवसा वाटत नाही. रविवारी सावित्री नदीवर जायचा बेत सोमवारपासूनच चाले, आणि फिरून फिरून एकच प्रश्न, "मास्तर, देवीच्या कोंडातले मासे वर येतात का हो?"

त्या डोहातला मासा आमच्याकडे कुणी मारत नाही. मी गुरवाच्या कानावर घातलं. तो म्हणाला, "येऊ दे तर खरा. आमी काय मेलो नाय."

रविवारी ओव्हरसियरांनी कोंडात माशी टाकली. हातभर मासा उसळला, त्याने ती तोंडात धरली आणि सोडून दिली. तोवर झाडीतून काठ्या घेऊन माणसं बाहेर आली, मागे मी. ओव्हरसियरांनी ती माशी गुरवाच्या तळहातावर ठेवली. गळाचं टोक पकडीने कापून टाकलेलं होतं.

"वर येतो का, एवढंच बघायचं होतं," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच डोळे उचलून माझ्याकडे बघितलं.

चहाला ते पुढेही येत, पीसही बांधत. नदीचं मात्र मला पुन्हा कधी विचारलं नाही.