दत्ताचा अनविलिंग कागद

सीमेवरच्या एका पोस्टवर मी कंपनी हवालदार मेजर होतो. उंची बारा हजार फूट. पाचला उठणे, साडेपाचला चहा, सहाला फॉल-इन. जवानांच्या ड्यूट्या आणि कागद माझ्याकडे असत.

नाईक दत्ता गुरव राजापूरकडचा, मी रत्नागिरीतल्या मांडवीचा. त्याच्या नोकरीची पंधरा वर्षं भरली होती. आणखी दोन वर्षं राहायचं तर ‘विलिंग’ लिहून द्यायचं, घरी जायचं तर ‘अनविलिंग’. त्याने अनविलिंग लिहून कागद माझ्या टेबलावर ठेवला.

“वेडा आहेस का?” मी म्हणालो. “रेशन, कपडे, दवाखाना, सगळं मिळतंय. हवालदार होशील, पेन्शन वाढेल. गावात काय आहे तुझं?”

“आंब्याची वीस कलमं हायत, मेजर.”

“त्यावर पोट भरेल?”

“नाय भरलं तर बघू. पन दुपारी जेवून कातळावर झोपनार, आनि कोन हाक मारील त्याला ओ देनार नाय.”

मी हसलो. कागद पुढे पाठवतो म्हणालो आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. महिनाभरात याचं डोकं ठिकाणावर येईल, असं मला वाटलं. त्याचं भलं त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं, याचीही खात्री होती.

पुढचे दहा दिवस दत्ता वेगळाच माणूस होता. तेच बंकर, तीच डाळ, तीच थंडी. पण दाढी करताना तो शीळ घालायचा.

आमच्या कंपनीत एक अलिखित नियम होता. ज्याचे घरी जायचे कागद गेले, त्याला लांबच्या पॅट्रोलवर पाठवायचं नाही. पण दत्ताचा कागद तर माझ्या ड्रॉवरमध्येच होता. अकराव्या दिवशी मी त्याचं नाव पॅट्रोलला लावलं.

“काय वो मेजर, कागद गेलं ना माजं?”

“गेले. माणसं कमी आहेत. एवढी एकच कर.”

“तुमी लय चिकट.” तो हसत बूट बांधायला बसला.

साडेसहाला पॅट्रोल निघाली. दहा चाळीसला रेडिओवर संदेश आला.

“बर्फ सुटला. एक जण खाली. ओव्हर.”

“नाव सांग. ओव्हर.”

“गुरव. ओव्हर.”

तीन वीसला तो सापडला. जिवंत नव्हता. संध्याकाळी मी तो कागद बंकरमधल्या शेगडीत, पेटत्या बुखारीत टाकला. कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

आज मला पेन्शन आहे, घर आहे, नोकरीही आहे. गेल्या वर्षी एसटीने राजापूरला गेलो आणि त्याच्या बायकोला, सुनंदाला, सगळं सांगितलं.

“भावजी, कशाला ठेवलात कागद?”

“त्याच्या भल्यासाठी.”

“त्यास्नी इचारलं असतंत तर?”

तिने पाण्याचा तांब्या माझ्यापुढे सरकवला.

“शेवटपर्यंत त्यास्नी कळलं नाय ना?”

“नाही.”

“मग बरं. सुटलो, सुटलो म्हनून फोनवर नाचत व्हते.”

तिने माफ केलं का, हे मी विचारलं नाही. पंधरा वर्षं सरकारने दत्ताला काही कमी पडू दिलं नाही. खूश मात्र मी त्याला दहाच दिवस पाहिलं, तेही माझ्या थापेवर.