आसाराम पाणाड्याची चार बोटं

मिरजगावच्या आसपास कुणाला बोअर घ्यायचा झाला, की गाडीवाल्याच्या आधी आसाराम पाणाड्याला निरोप जायचा. आसाराम यायचा तो रिकाम्या हाताने. शेंडीचा नारळ शेतकऱ्यानेच आणायचा. तो तळहातावर आडवा ठेवून आसाराम अनवाणी शेतभर फिरायचा, आणि नारळ हातावर उभा राहिला की तिथे खुंटी ठोकायला लावायचा. वर छातीठोकपणे सांगायचा, "दीडशेला पाझर, अडीचशेला धार." काम झालं की नारळ त्याच्या पिशवीत. चाळीस वर्षांत त्याच्या घरात नारळ म्हणून विकत आला नाही. भागूबाईने, त्याच्या बायकोने, त्या नारळांच्या इतक्या चटण्या केल्या की पोरं खोबरं बघितलं की पळायची.

आसारामचा एक नियम मात्र कडक होता. बोअरची गाडी शेतात शिरायच्या आत पाणाड्याने शीव ओलांडलीच पाहिजे, नाहीतर पाणी पळतं. हा नियम गुरूने घालून दिला, असं तो सांगायचा. गुरू कोण, ते दर वेळी बदलायचं. पाणी लागलं तर लोक पेढे घेऊन घरी येत. नाही लागलं तर सहसा कुणी येत नसे, आणि आलंच तर उत्तर तयार असे, "गाडीवाल्यानं चार बोटं बाजूला लावलं." गावातल्याच हनुमंत नावाच्या शेतकऱ्याच्या रानात साडेचारशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली, तेव्हाही आसारामच्या मते ती चार बोटंच नडली होती. त्यानंतर हनुमंत रस्त्यात दिसला की दुसरीकडे बघायचा.

गेल्या वर्षी आसारामच्या बरगडीखाली दुखायला लागलं आणि सदरा अंगावर लोंबायला लागला. थोरला मुलगा कल्याण नागापूरला कारखान्यात होता. त्याने रजा टाकून बापाला नगरच्या दवाखान्यात नेलं. तिथे सुई घालून तपासलं आणि कळलं, की लिव्हरच्या आत पित्ताच्या नळीचा कॅन्सर आहे. सर्जन म्हणाले, "गाठ काढता येईल. पण लहान तुकडा काढून भागेल, की अर्धं लिव्हर आणि शेजारच्या लसग्रंथीही काढायच्या, ते गाठ किती पसरलीय त्यावर आहे. एमआरआयवरून अंदाज घेऊ."

अंदाज हा शब्द ऐकून आसारामने कान टवकारले. आपल्या पोटात कुणी दुसरा पाणाड्या खुंटी मारणार, हे काही त्याला पटलं नाही.

एमआरआयच्या आधी हातातलं कडं काढताना त्याने कुरकूर केली. आत 'श्वास रोखा' म्हटलं की रोखला, पण 'सोडा' म्हणायच्या आधीच दोनदा सोडला. बाहेर आल्यावर तो हटूनच बसला, की फोटो वाचणारा माणूस मला दाखवा. तो माणूस म्हणजे डॉक्टर वृषाली निघाल्या, जेमतेम तिशीच्या. त्यांनी दोघा बापलेकांना आत बोलावून पडद्यासमोर बसवलं.

"ही पांढरी रेघ कसली?" आसारामने विचारलं.

"पित्ताची नळी. पाणी असेल तिथे या चित्रात पांढरं दिसतं."

आसाराम खुर्चीतून अर्धा उठला. "म्हंजी तुमी बी पानीच बघता! आरं कल्यान, या बाई आपल्याच लायनीतल्या हायती."

कल्याण छताकडे बघायला लागला.

वृषालीबाई हसल्या आणि समजावून सांगू लागल्या. गाठीची कड गुळगुळीत नाही, तिच्याभोवती अशी फिकट झाक आहे. म्हणजे चित्रात दिसणारही नाहीत इतक्या बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी शिरल्या असाव्यात. "शंभरात सत्तर शक्यता धरा, बाबा. म्हणून मी मोठं ऑपरेशन सुचवणार आहे."

"सत्तर? आन उरल्याली तीस कुनाला दिली?" आसाराम म्हणाला. "म्याडम, मी शेतकऱ्याला सत्तर सांगितलं, तर त्यो नारळ माज्याच डोस्क्यात घालंल."

एवढं बोलून त्याने पिशवीतून खरोखरच नारळ काढला आणि त्यांच्यापुढे धरला. बाईही खट्याळच. त्यांनी तो तळहातावर आडवा ठेवला आणि पडद्याकडे हात करून थोडा वेळ वाट पाहिली. "उभा राहत नाही हो."

"आवो, मनगट वाईच हलवावं लागतंय."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली. कल्याणची नजर छतावरून सरळ बापावर आली. चाळीस वर्षांचं गुपित असं भर दवाखान्यात सांडलं होतं.

सांडलंच आहे तर आता लाजायचं कशाला, असा विचार करून आसाराम पुढे सरकला आणि एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं हळूच म्हणाला, "खरं सांगा, चुकलं तर तुमी लोकास्नी काय सांगता?"

वृषालीबाईंनी खणातून एक वही काढली. "ऑपरेशन झालं की काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तो रिपोर्ट मी मागवून घेते. माझा अंदाज या रकान्यात, खरं निघालं ते शेजारी. लाल शाईतलं ते चुकलेलं."

आसारामने बोट फिरवत लाल ओळी मोजल्या. "नऊ?"

"एक्केचाळीसपैकी."

"ह्ये लिवायला तुमाला कोन सांगतं?"

"कुणी नाही. पण कुठे चुकले ते बघितलं नाही, तर पुढचं चित्र कसं वाचू?"

आसारामचं बोट लाल ओळीवरच थांबलं. कल्याणला वाटलं, बापाच्या पोटात कळ आली. पण आसाराम मनातल्या मनात खुंट्या आठवत होता. पाणी लागलेल्या सगळ्या त्याला तोंडपाठ होत्या. कोरड्या किती, ते मात्र त्याला सांगता येईना, कारण तो दर वेळी शीव ओलांडून गेलेला. त्याला शरम वाटली. शेतकऱ्यांची वाटली, त्याहून जास्त त्या नारळाची वाटली.

बाहेर येऊन त्याने सर्जनना सांगून टाकलं, "मोठंच काढा." भागूबाई रडून म्हणाली, "एवढं अर्धं काढायचं, कुनाच्या भरवशावर?" आसाराम म्हणाला, "ती बाई सोताचं चुकल्यालं लाल शाईत लिवती. तिच्या भरवशावर."

ऑपरेशन पार पडलं. बाराव्या दिवशी वृषालीबाई स्वतः वॉर्डात आल्या. शेजारच्या लसग्रंथी साफ निघाल्या होत्या आणि बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरची एकही पेशी नव्हती. भागूबाईने तिथल्या तिथे हात जोडले. कल्याणने तोंड फिरवून डोळे पुसले.

"बाबा, बातमी चांगली आहे," वृषालीबाई म्हणाल्या, "पण माझा अंदाज चुकला. कमी काढूनही भागलं असतं. लिव्हर पुन्हा वाढतं, तरी हे तुम्हाला मीच सांगायला हवं होतं."

आसाराम टाके धरून हसायला लागला. "म्याडम, आसं तोंडावर सांगत्यात व्हय? सायबानं चार बोटं बाजूला कापलं म्हना की!"

"नाही. त्यांनी बरोबर कापलं. चूक माझी आहे."

"लिवलं का?"

"लिहिलं. दहावी."

हसता हसता आसारामचे डोळे भरून आले. त्याने नुसती मान हलवली.

तीन महिन्यांनी, चालण्यापुरती ताकद आल्यावर, तो हनुमंतच्या वस्तीवर गेला. हनुमंत गोठ्यात धार काढत होता. त्याने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

"हनुमंता, त्ये चार बोटं बाजूला नव्हतं. गाडीवाल्यानं खुंटीवरच लावलं हुतं. माजंच चुकलं."

"मला म्हाईत हाय, तात्या. गाडी मीच खुंटीवर लावून घेतली हुती." हनुमंतने बादली बाजूला ठेवली, घरात गेला आणि नारळ घेऊन बाहेर आला. "परवा पुना गाडी येनार हाय. बघा."

आसारामने नारळ तळहातावर आडवा ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मनगट घट्ट आवळून धरलं. सगळं शेत फिरून झालं, नारळ काही उठला नाही. मग तो त्याने बांधावर ठेवून दिला आणि ओढ्याचा उतार बघितला, उंबराचं झाड बघितलं, मुरूम कुठे संपून खडक कुठे वर आलाय ते बघितलं. बराच वेळ गेला. शेवटी त्याने खालच्या कोपऱ्यात पायाच्या अंगठ्याने रेघ ओढली.

"हितं. शंभरात साठ."

"आन उरल्याली चाळीस कुनाला दिली?" हनुमंतने विचारलं.

आसाराम हसला. त्याने रेघेवर खुंटी ठोकायला लावली.

परवा सकाळी गाडी आली. आसाराम तिच्या आधीच येऊन बांधावर बसला होता, आणि त्याच्या मांडीवर नवी कोरी वही होती. पहिल्या पानावर कल्याणच्या अक्षरात, लाल शाईने, हनुमंतचं नाव आणि पुढे 'साडेचारशे फूट, कोरडं' असं लिहिलेलं होतं. गाडीवाला ओरडला, "तात्या, निघा की आता! पानी पळंल."

"पळू दे," आसाराम म्हणाला, "मी हाय हितंच."

यंत्र सुरू झालं, धुळीचा लोट उठला. पन्नास फूट गेलं, शंभर गेलं, धूळच निघत होती. एमआरआयच्या नळीत रोखला होता तसा आसारामने श्वास रोखून धरला. दोनदा तो उठायला झाला, आणि दोनदा खाली बसला; आज काय निघतं ते वहीत लिहिल्याशिवाय त्याला हलायचं नव्हतं.