काचेवर ठेवलेलं उत्तर

सकाळचे आठ वाजले की तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत प्रिंटर खाकरायचा. आधी पोटातल्या पोटात गुरगुर, मग एक लांब उसासा, आणि मग हळूहळू बाहेर येणारं एक पान. घरात बटण दाबणारं कुणी नसायचं. बटण दाबणारा दोन विमानं आणि एक बस इतका लांब असायचा.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा. एका अवाढव्य इस्पितळातल्या सव्वीस लिफ्ट त्याच्या जिवावर वर-खाली करायच्या. मधेच एखादी अडकली की आतली माणसं दारावर बुक्क्या मारायची. हा बाहेरून फटीला तोंड लावून म्हणायचा, "घाबरू नका, मी इथंच आहे." तिथली भाषा त्याची मोडकीतोडकी, पण आवाज असा की बुक्क्या थांबायच्या. तो आवाज त्याला वडिलांकडून मिळाला होता.

वडील नाटकात प्रॉम्प्टर. चाळीस वर्षं त्यांनी विंगेत एका बुटक्या स्टुलावर बसून काढली, मांडीवर वही आणि हातात पिवळा दिवा. राजा वाक्य विसरला, राणी विसरली, की ते वाक्य अलगद त्यांच्या कानात सोडायचं. नटाला पोचलं पाहिजे आणि पहिल्या रांगेला कळता कामा नये, एवढीच अट. टाळ्या पडायच्या त्या राजाला. प्रॉम्प्टर वही मिटून, दिवा विझवून, चप्पल शोधत मागच्या दाराने घरी. आणि नशिबाची थट्टा बघा, जन्मभर दुसऱ्यांच्या कानांची चाकरी केलेल्या या माणसाचे स्वतःचे कान उतारवयात संपावर गेले. कानातलं यंत्र आणलं, तर ते म्हणाले, "कुणीतरी पत्र्यावर वाटाणे ओततंय," आणि ते डबीत घालून ठेवलं. फोनवर तर नुसती ओरडाओरड. आई होती तोवर ती मधे उभी राहून इकडचं तिकडे करायची. ती गेली आणि बापलेकांचं बोलणंच बंद पडलं.

मुलाने कॅमेरा लावायचं सुचवलं होतं. वडील उसळले. "चाळीस वर्षं लपून काम केलं, आता म्हातारपणी मला उजेडात बसवतोस होय रे?"

मग त्याने ही व्यवस्था केली. नाटक कंपनीच्या कचेरीतून मोडीत निघालेला एक कॉम्प्युटर उचलून आणला. चार पावलं चालून धापा टाकणारं ते धूड. पण त्यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली आणि गडी निमूट कामाला लागला. शेजारी प्रिंटर, आणि प्रिंटरच्याच डोक्यावर स्कॅनरची काच. मुलाने तिकडून चार ओळी टंकायच्या, की इकडे पान छापून तयार. वडिलांनी त्याचं उत्तर स्वतःच्या अक्षरात लिहून, संध्याकाळी सहाला काचेवर पालथं ठेवायचं. मुलाने तिकडून हुकूम सोडायचा, की काचेखालून उजेड सरकत जायचा आणि बापाचं अक्षर लेकाच्या पडद्यावर उमटायचं.

तसा त्या यंत्राचा उपयोग इतरही होता. पेन्शनच्या कचेरीने जुना दाखला मागितला, तर तो लिफ्टच्या छपरावर बसल्या बसल्या घरच्या यंत्रात शिरला, कागद शोधला आणि पाठवून दिला. मामेबहिणीला लग्नातले फोटो हवे होते, तेही तिथूनच काढून दिले. पण कधी कधी काहीच काम नसताना तो आत शिरायचा. काळ्या पडद्यावर घरच्या यंत्राचं नाव आलं की त्याला उंबरठ्यावर उभं राहिल्यासारखं वाटायचं. यंत्र किती तापलंय तेवढा एक आकडा विचारायचा. आकडा चढलेला असला तर म्हणायचा, आज बाबांनी खिडकी लावून घेतलेली दिसते. उतरलेला असला तर म्हणायचा, उघडली वाटतं. तेवढ्या आकड्यावर तो दिवस काढायचा.

काचेवरून येणारी पानंही नुसती पानं नसायची. एखाद्यावर चहाच्या कपाचा गोल, एखाद्याच्या कडेला अंगठ्याचा काठ. एकदा पान सरळ करता करता हुकूम सुटला आणि वडिलांचा आख्खा तळहात आला, रेघा न् रेघांसकट. तो त्याने पुसला नाही.

तर अशी सहा वर्षं गेली आणि इस्पितळाने त्याच्यापुढे नवा करार ठेवला. आणखी पाच वर्षं. सोमवारी सकाळी सही करायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्याने रविवारच्या पानात वडिलांना विचारलं, "सही करू की परत येऊ? तुम्ही सांगाल तसं." त्याच संध्याकाळी त्यांच्या घड्याळात सहा वाजता उत्तर काचेवर येणार होतं. तेव्हा त्याच्याकडे दुपार असायची.

रविवारी तो सकाळपासून खोलीत येरझारा घालत होता. हाताला काहीतरी चाळा हवा, म्हणून तो घरच्या यंत्राची नोंदवही चाळत बसला. त्यात दिसलं की जगभरातले उपटसुंभ त्या बिचाऱ्या यंत्राचं दार ठोठावतायत, एका दिवसात हजारो वेळा. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. म्हातारा घरात एकटा, आणि हे दारावर! त्याने फायरवॉल, म्हणजे यंत्राचा दरवान, जागा केला आणि हुकूम दिला, बाहेरच्या कुणालाही आत घ्यायचं नाही. स्वतःला आत घेण्याचा हुकूम आधी द्यायचा असतो, हे त्याला बोट उचलल्यावर आठवलं.

पडदा गोठला. दरवान इमानी निघाला. त्याने पहिलं मालकालाच बाहेर काढलं.

त्याने पुन्हा पुन्हा दार ठोठावलं. काही नाही. लोकांना अडकलेल्या डब्यातून बाहेर काढणारा हा माणूस स्वतःच्या घराबाहेर अडकला, आणि आत काचेवर कदाचित उत्तर येऊन पडलं होतं.

शेवटी त्याने समोरच्या दारातल्या शिवणकामवाल्या मावशींना फोन लावला. त्यांचा फोन बटणांचा, फोटोबिटो काही नाही.

"मावशी, बाबांकडे जाता का जरा? माझ्या हातून घोळ झालाय."

"तुझ्या हातून काय नवीन आहे, मेल्या? थांब, मशीन बंद करते."

चप्पल वाजली, दार वाजलं. मग वडिलांचा आवाज, बहिऱ्या माणसाचा असतो तसा खणखणीत. "या वहिनी! आज पान आलंय, मी उत्तरही ठेवलंय, पण तो उजेड काही सरकत नाही. रुसलाय की काय?"

त्याने ते ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. पाच महिन्यांपूर्वीच्या सुटीनंतर तो आवाज तो आज ऐकत होता.

"अरे, कागद तर इथंच आहे काचेवर," मावशी म्हणाल्या. "वाचून दाखवू का?"

मोह मोठा होता. पण मावशींचा हात कागदाकडे गेला असावा, तिकडून दणका आला, "हात लावू नका वहिनी! ते त्याच्या डोळ्यांसाठी आहे."

"ऐकलंस? तुझा बाप मला चोर समजतो."

मग त्या खोलीत जो प्रयोग झाला, त्याला तोड नाही. मुलाने फोनवर एकेक अक्षर सांगायचं, मावशींनी ते कापड बेतायच्या खाकी कागदावर खडूने हातभर मोठं काढायचं, आणि वडिलांनी चष्मा कपाळावरून खाली ओढून ते कीबोर्डावर शोधायचं.

"एस, यू, डी, ओ. आता थोडी जागा सोडा."

"किती?"

"एक, मावशी."

"एक काय? बोट? मी दोन बोटं सोडायला सांगते, नंतर उसवायला बरं पडतं."

दूर बसून त्याला हसू फुटलं. "सोडा दोन. त्याला रिकाम्या जागेचं वावडं नाही."

दरवानाचं नाव झालं, त्याला रजा देणारा शब्द झाला. यंत्राने परवलीचा शब्द मागितला. आता मुलगा अडखळला.

"बोल की! खडू सुकला माझा."

त्याने हळू आवाजात सांगितलं. वडिलांना आई एकटीच ज्या नावाने हाक मारायची ते नाव, आणि पुढे त्यांच्या लग्नाचं साल. खडू चालल्याचा आवाज आला. पण कीबोर्ड काही वाजेना.

"काय झालं मावशी?"

"काही नाही. वाचतायत."

बऱ्याच वेळाने कीबोर्डाची टकटक सुरू झाली. लगेच वडिलांची हाक, "काही उमटत नाहीये! मी दाबतोय आणि पडदा कोरा!"

"त्यांना लिहून दाखवा," तो म्हणाला, "की उमटणार नाही. दिसत नाही, पण पोचतं."

मावशींनी लिहिलं. तिकडून खदखदून हसण्याचा आवाज आला. "अहो, ही तर आमचीच जात झाली! दाबतो मग बिनघोर."

शेवटचं बटण दाबलं गेलं. त्याने आपल्या पडद्यावर दार ठोठावलं, आणि घरच्या यंत्राचं नाव समोर आलं. त्याने आधी नियम नीट लावले, या वेळी स्वतःचं नाव पहिलं. मगच काचेला हुकूम दिला.

"सरकला, सरकला उजेड!" वडील टाळ्या पिटत होते.

पान आलं.

"चिरंजीवांस आशीर्वाद. तू विचारतोस, सही करू की येऊ. प्रॉम्प्टरचं अर्धं काम बोलण्याचं आणि अर्धं न बोलण्याचं. नट गप्प झाला की नवखा प्रॉम्प्टर घाईने वाक्य टाकतो. जाणता थांबतो. नट विसरलाय की थांबलाय, हे आधी ओळखावं लागतं. थांबलेल्याला वाक्य दिलं की त्याचा प्रवेश मरतो. तू विसरलेला नाहीस, तू थांबलायस. म्हणून मी काही सांगत नाही. माझी काळजी नको. तब्येत ठणठणीत आहे."

खाली सही. सही आणि मजकूर यांच्या मधे एक काळा डाग होता. काहीतरी लिहून वर पेनाने खाडाखोड केलेली, बोटभर लांब.

त्याने पान पुन्हा वाचलं. सहा वर्षांत एकदा, एकदाच त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि ज्यांनी साऱ्या जगाला वाक्यं पुरवली त्यांनी आज नेमकी वही मिटली होती.

"मावशी, कागद उचलू देऊ नका," तो म्हणाला. "एकदा अजून घेतो."

या वेळी त्याने स्कॅनरला सांगितलं की जितकं बारीक बघता येईल तितकं बघ. काचेखालचा उजेड मुंगीच्या पावलांनी सरकला. पान यायला चार-पाच मिनिटं लागली. त्याने फक्त तो डाग मोठा केला, आणखी मोठा केला. खाडाखोडीची शाई काळी होती, खालची तिच्याहून जरा फिकट. आधी लिहून, वाळू देऊन, मग मन बदललं असणार. रेघांच्या जाळीमागे अक्षरं उभी होती, विंगेच्या अंधारात माणूस उभा असावा तशी.

"ये रे आता."

तो कितीतरी वेळ नुसता बघत बसला. फोन कानाला तसाच होता. मावशी स्वतःशीच म्हणत होत्या, "गेलाय वाटतं. नाही, श्वास ऐकू येतोय."

मग तो सरळ झाला आणि एकच ओळ टंकली. घरच्या प्रिंटरला पाठवली.

फोनमधून त्याला ते सगळं ऐकू आलं. आधी पोटातली गुरगुर. मग तो लांब उसासा. खुर्ची मागे सरकली. वडिलांची पावलं, एक पाय जरा ओढत टाकलेला. हे ओढणं नवीन होतं, पानांत कधी आलं नव्हतं. कागद ओढल्याचा आवाज. आणि मग काहीच नाही.

त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. मधे बोलायचं नव्हतं.

"वहिनी," शेवटी वडील म्हणाले. त्यांना वाटलं ते हळू बोलतायत, पण आवाज सगळ्या खोलीत भरला. "त्या आतल्या पलंगावर मी रद्दी रचून ठेवलीय, केवढी ती रद्दी. उद्या जरा हात लावाल का? त्याला पाय पसरून झोपायची सवय आहे."