निवृत्ती सुताराचा भूकंप

मदिनत अश शमालला नव्या घरांची कामं चालली होती, तेव्हाची, म्हणजे एकोणऐंशी सालची गोष्ट. कतारच्या पार उत्तरेला, वाळू संपून समुद्र लागतो तिथं, एका कंपनीचा पत्र्याचा कॅम्प होता आणि त्या कॅम्पात निवृत्ती सुताराचा भूकंप प्रसिद्ध होता. बाकीच्यांकडे सांगायला काय होतं? कुणाचं मोडलेलं लग्न, कुणाची भावकी, कुणाला विमानात झालेली उलटी. निवृत्तीकडे भूकंप होता, तोही साधासुधा नव्हे, कोयनेचा.

निवृत्ती पाटण तालुक्यातला, कोयनेच्या काठचा. शटरिंगच्या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्या गोष्टीचा त्याला फारसा गर्व नव्हता. गर्व होता तो भूकंपाचा. कॅम्पात नवा माणूस आला की पहिल्या शुक्रवारी सकाळच्या चहाला त्याला भूकंप ऐकवायचा, हा रिवाजच पडला होता. केबलच्या लाकडी ड्रमचं निवृत्तीनं स्वतः तासून बसकं केलं होतं, त्यावर तो बसायचा. जुनी माणसं पुढचं पाठ असूनही भोवती गोळा व्हायची.

मग सुरू व्हायचं. सदुसष्टचा डिसेंबर, पहाटेची थंडी, जमिनीच्या पोटातून आलेला आवाज, उतरंडीची गाडगी. गोठ्याची भिंत कशी फाटली आणि दाव्याला गुंतलेला हरण्या बैल कसा हंबरत होता. हातात लाकूड तासायचा वाकस घेऊन निवृत्ती आत कसा शिरला, एका घावात दावं कसं तोडलं, आणि मोकळा सुटलेला हरण्या, नुसती घोंगडी गुंडाळून उभ्या असलेल्या आबासाहेब पाटलांच्या मागं कसा लागला. घोंगडी बैलाच्या शिंगाला आणि पाटील बाभळीवर, इथं आलं की सगळे पोट धरून हसायचे. निवृत्ती तिथंच थांबायचा आणि विडी पेटवायचा. घरातल्या माणसांचं काय झालं, असं एखाद्या नवख्यानं विचारलंच, तर "समदं गेलं की," म्हणून तो उठायचा. त्यामुळे कुणी पुढं विचारत नसे.

असं तीन वर्षं सुखानं चाललं होतं. मग मेसला नवा स्वयंपाकी आला, रहमान. पंचावन्नच्या घरातला, मेंदी लावलेल्या दाढीचा, कमी बोलणारा माणूस. रिवाजाप्रमाणे पहिल्या शुक्रवारी निवृत्तीनं त्यालाही भूकंप ऐकवला, तोही आपल्या खास हिंदीत. रहमाननं सगळं ऐकलं. हरण्यापाशी तो हसलासुद्धा. मग कांदे चिरता चिरता म्हणाला, "हमारे यहाँ भी आया था. क्वेट्टा में. सन पैंतीस."

बस, एवढंच. पण टँकर चालवणाऱ्या पोपटरावाला चौकशा फार. त्यानं विचारलं, किती माणसं गेली? रहमान म्हणाला, कोण मोजणार, तीस हजार म्हणतात, कुणी साठ म्हणतात. अख्खं शहर अर्ध्या मिनिटात झोपलं. लष्करानं शहराला तारेचं कुंपण घातलं आणि वाचलेल्यांना घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर तंबूत ठेवलं. पोपटरावानं निवृत्तीकडे वळून विचारलं, तुमच्याकडे किती रे? निवृत्ती म्हणाला, दोनशेच्या आसपास. म्हणताना त्याला एखाद्याचं भाडं थकावं तशी शरम वाटली आणि शरम वाटल्याचा रागही आला.

पुढच्या शुक्रवारी माणसं केबलच्या ड्रमापाशी जमली नाहीत, मेसच्या दारात जमली. रहमान काही मुद्दाम सांगत नव्हता. कणीक मळताना कुणी विचारलं तर दोन वाक्यं बोलायचा. पण त्या दोन वाक्यांसाठी लोक ताटकळत उभे राहायचे, याचीच निवृत्तीला जळजळ व्हायची. आपण घसा फोडून, हातवारे करून सांगायचं, आणि हा बाबा कणकेत बोटं घालून पुटपुटतो तर ते भारी.

त्यात भर घातली इंजिनियर सुरेश साहेबांनी. हे नाशिकचे, बायकोमुलीसह दोह्याला राहायचे आणि आठवड्यातून चारदा साइटवर यायचे. मुलीच्या शाळेत भूकंपावर काहीतरी लिहायला सांगितलं होतं, म्हणून त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक आणलं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्यातली यादी त्यांनी सगळ्यांना वाचून दाखवली. एकोणीसशे पाच, कांगडा. सहा, सॅन फ्रान्सिस्को. आठ, इटलीतलं मेसिना. तेवीस, टोकियो. चौतीस, बिहार. पस्तीस, क्वेट्टा. "रहमानचाचा, आपका नाम किताब में है," साहेब म्हणाले आणि सगळे रहमानकडे असे बघू लागले, जणू भूकंप त्यानंच केला होता.

निवृत्तीनं कोयना कुठं आहे विचारलं. साहेब म्हणाले, हे पुस्तक फक्त शतकाच्या पहिल्या भागाचं आहे, कोयना फार अलीकडची. निवृत्ती पुस्तकच अपुरं आहे म्हणाला आणि ताट ठेवून निघून गेला. त्या दिवसापासून त्याला क्वेट्टाचाच काय, मेसिनाचाही राग यायला लागला. कुठलं ते इटलीतलं गाव, कधी नाव ऐकलं नव्हतं, पण त्याला पुस्तकात जागा. रहमानच्या हातची दुसरी रोटी तो घेईनासा झाला. अर्धपोटी उठायचा, पण ती रोटी घ्यायचा नाही.

आता या कॅम्पात टेपरेकॉर्डर एकच, आणि तो निवृत्तीचा. पत्रं लिहिणं बहुतेकांना जमायचं नाही, म्हणून सगळे कॅसेटवर बोलायचे. कुणी सुट्टीवर निघालं की त्याच्याबरोबर कॅसेट जायची, घरचे ऐकायचे आणि त्याच कॅसेटवर, आधीचं पुसून, आपलं उत्तर भरून पाठवायचे. निवृत्तीची बायको केसरबाई आणि तो, दोघं चार वर्षं एकाच कॅसेटवर संसार करत होते. म्हणून रहमान संकोचत येऊन टेप मागायला लागला तेव्हा निवृत्तीला नाही म्हणता येईना. मशीन सगळ्यांना द्यायचं, हाही रिवाजच.

रहमान म्हणाला, कराचीला माझी बहीण आहे, सुरय्या. भूकंपाच्या वेळी तीन महिन्यांची होती. अम्मी कशी गेली हे तिनं आयुष्यभर विचारलं, मी कधी सांगितलं नाही. आता वय झालं, सांगून टाकतो. कॅम्पातला इब्राहीम शनिवारी कराचीला निघणार होता, त्याच्या हाती कॅसेट द्यायची होती. शुक्रवारी सकाळी निवृत्तीच्या खोलीत दार लावून रहमान एकटाच बोलला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. तो आंघोळ करून इतरांबरोबर जुम्म्याच्या नमाजाला गेला, आणि कॅसेट मशीनमध्येच राहिली.

कॅम्प शांत झाला. निवृत्ती खोलीत आला आणि दार लावून घेतलं. आपण दुसऱ्याचं ऐकतोय हे चूक आहे, हे त्याला कळत होतं. पण त्याला बघायचंच होतं की हा माणूस मेसच्या दारात जे सांगतो त्याहून वेगळं काय सांगतो. त्यानं कॅसेट मागं घेतली आणि बटण दाबलं.

रहमान सांगत होता, भिंत पडली तेव्हा अम्मी तुझ्यावर ओणवी झाली. कोपरं आणि गुडघे टेकून, पाठीवर अख्खी तुळई. तू तिच्या पोटाखाली होतीस. मी दहा वर्षांचा, छातीपर्यंत मातीत, पण हात मोकळे होते. अम्मी म्हणाली, तिच्या पायांना धर आणि ओढ. मी तुला ओढून काढलं. अम्मीला माझा हात दिसत होता, तू दिसत नव्हतीस. तिनं विचारलं, रडतेय ना? मी म्हणालो, रडतेय. सुरय्या, तू रडत नव्हतीस. तुझं तोंड मातीनं भरलं होतं. मी बोटानं माती काढत होतो आणि अम्मीला सांगत होतो, रडतेय, अम्मी, रडतेय. तिनं बरं म्हटलं आणि मग ती काही बोलली नाही. तू त्यानंतर रडलीस. ते तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही.

निवृत्तीनं ते तीनदा ऐकलं. रहमानवर खार खाऊन त्यानं जितकं मन लावून ऐकलं, तितकं कुणाचंच कधी ऐकलं नव्हतं. एकेक शब्द, मधले श्वाससुद्धा त्याच्या डोक्यात बसले. डोळ्यांना पाणी आलं, आणि त्या पाण्यातही जळफळाट होता. मोठं शहर याचं, पुस्तकात नाव याचं, आणि सांगायला असं मरणही याचंच. आपल्याकडे काय, तर बैल. दुसऱ्याच्या आईच्या मरणाचा हेवा करणारा माणूस जगात आपणच असू, हे त्याला समजत होतं, तरी हेवा कमी होईना.

आणि त्यानं कॅसेट मागं घेऊन दोन बटणं एकदम दाबली. रेकॉर्डिंगचं लाल आणि त्याच्या शेजारचं. का दाबली, हे पुढं त्याला कुणी विचारलं असतं तरी सांगता आलं नसतं. माइकवर वाकून तो आपला भूकंप सांगू लागला. उतरंड, गोठा, हरण्या, आबासाहेबांची घोंगडी. इतकं रंगून त्यानं कधी सांगितलं नव्हतं, आणि समोर कुणी नव्हतं. बाजू संपून बटण खटकन वर आलं, तेव्हा तो भानावर आला. मागं घेऊन ऐकलं. सगळीकडे त्याचाच आवाज होता, आणि बैल.

रहमान नमाजाहून आला तेव्हा निवृत्ती मेसच्या पायरीवर बसला होता. मशीननं टेप खाल्ली, असं सांगायचं त्यानं ठरवलं होतं. नेहमीच होतं तसं, कुणाला संशय आला नसता. त्यानं सुरुवातही केली. पण रहमान म्हणाला, "कोई बात नहीं, मशीन है," आणि त्याच्याच पाठीवर हात ठेवला. तेव्हा निवृत्तीला सहन झालं नाही.

"मशीन नहीं, चाचा. मैंने मिटाया. जलन हुई मेरे को."

रहमान ओरडला नाही. कांद्यांची टोपली ओढून घेतली, एक कांदा सोलला, आणि तसाच हातात धरून बसला. निवृत्ती पुन्हा पुन्हा म्हणत होता, चाचा, परत बोला, मी बाहेर बसतो, मशीनला हात लावत नाही. रहमाननं नकारार्थी मान हलवली. चव्वेचाळीस वर्षांनी एकदा तोंडातून निघालं होतं.

"दुबारा मुझसे नहीं होगा," तो म्हणाला. "तूने सुना है. अब तू बोल."

संध्याकाळी दोघं खोलीत बसले. निवृत्तीला हवं होतं ते सगळं मिळालं होतं. माइक त्याच्या हातात, पुस्तकातला मोठा भूकंप त्याच्या तोंडी, समोर ऐकणारा. त्याला ते नकोसं झालं होतं. बहेनजी, मी निवृत्ती, तुमच्या भावाचं बोलणं माझ्यामुळं पुसलं गेलं, म्हणून मी सांगतो, अशी सुरुवात करून त्यानं मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. हातवारे केले नाहीत. रहमान भिंतीकडे तोंड करून बसला होता. त्यानं एकदाही दुरुस्ती केली नाही, कारण करण्यासारखी चूकच नव्हती. "रडतेय ना?" इथं आल्यावर निवृत्तीचा आवाज गेला. थोडा वेळ टेप नुसती फिरत राहिली. मग त्यानं पुढचं सांगितलं.

इब्राहीम कॅसेट घेऊन गेला. त्यानंतरचे दोन महिने निवृत्ती केबलच्या ड्रमावर बसला नाही. दोघं नवे गडी आले, त्यांना भूकंप ऐकायला मिळाला नाही, म्हणून पोपटरावानं कुरकुर केली. रहमान निवृत्तीशी पूर्वीसारखाच कमी बोलायचा. निवृत्ती मात्र दुसरी रोटी घ्यायला लागला होता.

इब्राहीम परत आला तो तीच कॅसेट घेऊन. आधीचं पुसून सुरय्यानं उत्तर भरलं होतं. रहमाननं निवृत्तीला हाक मारली आणि एकत्र ऐकायला बसवलं. निम्मं तर रडणंच होतं. मग मुलांची नावं, नातवाचं नाव ठेवल्याचं, भावानं आता कराचीला येऊन राहावं म्हणून विनवणी. शेवटी ती म्हणाली, भाईजान, तो जो माणूस बोलला, त्याचा आवाज अम्मीच्या शब्दांपाशी अडखळला. दुसऱ्याच्या आईसाठी कुणाचा आवाज असा जात नाही. त्याला विचारा, त्याचं कोण होतं.

रहमाननं मशीन बंद केलं आणि विचारलं.

निवृत्तीनं विडी काढली, पण पेटवली नाही. बारा वर्षं ती गोष्ट तो बाभळीवरच्या पाटलापाशी थांबवत आला होता. हिंदी त्याला आठवेना, म्हणून तो आपल्याच बोलीत बोलला, आणि रहमानला ते कळलं.

"आई व्हती आत. गोठ्याच्या पल्याडच्या खोलीत. हाका मारत व्हती मला. येतो म्हनलं, थांब," तो म्हणाला. "म्या आधी बैल सोडला, चाचा."