चप्पल घालून आत या

सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षात बसले होते, तेव्हा डॉक्टरांचा फोन आला. "पद्मा सिस्टर गेल्या." एवढंच. रडूही आलं नाही... नुसता थकवा आला. तो अजून गेलेला नाही.

अक्कलकोट रोडवरच्या एका समाजमंदिरात दर आठवड्याला आमची मधुमेहाची तपासणी असते. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, मी आहार सांगते. सिस्टर पाय तपासायच्या. पेशंटचा पाय मांडीवर घ्यायचा आणि मान वर करून आमच्याशी भांडायचं, ही त्यांची पद्धत. मेंढरं राखणाऱ्या बिरूअण्णांना डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, सिस्टरनी जखमेवर भार टाकू नका म्हणून बजावलं होतं. अण्णा दोघांचंही ऐकायचे. सकाळभर चालायचे, दुपारी पाय वर करून पडायचे. जखम भरेना, अंगठा काढायची वेळ आली. त्या दिवशी सिस्टरनी आमची टेबलं ओढून एकाला एक लावली. "आधी तुमी आपसात ठरवा की, मग माणसाला सांगा!" डॉक्टर चिडले, पण बसले. जखम भरेपर्यंत चालणं बंद, असं ठरलं. अंगठा वाचला.

त्यांचं दुसरं भांडण चपलांशी. समाजमंदिर म्हटल्यावर लोक पायरीखालीच चपला काढायचे. पायरी उन्हानं तापलेली, पाय मधुमेहानं बधिर; फोड आला तरी कळायचं नाही. सिस्टर आतून ओरडायच्या, "चप्पल घालून आत या!" लोकांना सवय लागेपर्यंत त्यांचा घसा पार बसला.

त्या गेल्यावर आम्ही टेबलावर त्यांचा फोटो ठेवला, हार घातला. आणखी काही करायचं त्राण कुणातच नव्हतं. बिरूअण्णा अनवाणी आत आले, त्यांच्यामागून सगळेच.

"अण्णा, चप्पल कुठाय?"

"सिस्टरचा फोटू हाय न्हवं... त्याच्याम्होरं चप्पल घालून कसं यावं?"

डॉक्टर खाली सिस्टरच्या स्टुलावर बसले, अण्णांचा पाय मांडीवर घेतला. टाचेला नवा फोड होता. अण्णांना पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. या वेळी आपसात ठरवायला बोलावंही लागलं नाही. मी हार उतरवला, फोटो कपाटात ठेवला आणि दारात जाऊन ओरडले. आता दर आठवड्याला ओरडते, घसा दुखतो.

फोटो अजून कपाटातच आहे. तिथंच राहू दे.