मापावरची शीग

तळेघरच्या बाजूची एक मावशी दर वर्षी भात निघाला की घोडेगावला आमच्या घरी तांदूळ विकायला घेऊन यायची. हातसडीचा, जरा लालसर. एसटी मिळाली तर एसटीने, नाही तर निम्मा रस्ता डोक्यावर पोतं घेऊन चालत. पायलीने मोजायची आणि प्रत्येक पायलीवर शीग लावायची, म्हणजे काठाच्या वर मावेल तेवढा ढीग. सगळं मोजून झालं की वरून दोन ओंजळी आणखी. त्या मोजायच्या नसत.

मी तेव्हा आठवीत होते. जागरूक ग्राहक या विषयावर शाळेत इंग्रजी भाषण करून मी बक्षीस मिळवलं होतं. वजन तपासा, मोघम मापावर विसंबू नका, असं सगळं त्यात होतं. परक्या माणसांसमोर मात्र माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. म्हणून मी आईला आत बोलावलं आणि म्हटलं, पायली लहान असली तर? आपण वजन करून घेऊ. आईला माझ्या शाळेचं फार कौतुक. शेजारच्या किराणा दुकानातला तराजू मीच उचलून आणला.

मावशी भिंतीला टेकून बघत राहिली. तांदूळ पायलीच्या हिशोबापेक्षा दीड किलो जास्त भरला.

आई ओशाळली. राहू द्या मावशी, तुमचं मापच बरोबर आहे, म्हणाली. मावशी चिडली नाही.

"पोरीचं खरं हाय. वजनानं घ्यायचं तं वजनानंच घ्यावं."

तिने जास्तीचा तांदूळ काढून पदरात बांधला. चहा उकळत होता, पण एसटी चुकेल म्हणून ती निघाली. मी दाराआड उभी होते. चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. तेही इतक्या हळू म्हटलं की मलाच ऐकू आलं.

पुढच्या वर्षी ती आली नाही. बाजारात एका दुकानदाराला तांदूळ घालताना आईला दिसली. आईने घरी बोलावलं, तर म्हणाली, "हितं काटा हाय, बाई. बरं पडतं." आईने हे मला सांगितलं आणि कणीक मळायला बसली.

आता मी पुण्यात असते. विचार करून, चौकशी करून खरेदी करते. हातसडीचा तांदूळ पाकिटात मिळतो, मागे पिकवणाऱ्या बाईचा फोटो असतो. तो मी प्रत्येक वेळी नीट बघते. पाकिटावर छापलेलं वजन कधी तपासून पाहिलेलं नाही.