इस्पितळासमोरची खोली

चर्चच्या मंडळीत सगळे त्यांना प्लंबरमामा म्हणत. एकुलता मुलगा इस्पितळात होता, तेव्हा मामा-मामींनी जिन्याखाली गोणपाटावर दिवस काढले होते. मुलगा गेला. पुढे मामी म्हणाल्या, "अहो, कमाईचा दशमांश देऊच. पण वरचा पैसा नुसता पेटीत टाकून मोकळं नाही व्हायचं. देवाच्या कामाला जुंपायचा."

मामांनी स्कूटर विकली आणि इस्पितळासमोर एक खोली भाड्याने घेतली. पेशंटच्या नातेवाइकांनी तिथे फुकट राहावं, आंघोळ करावी, दोन घास शिजवावेत. हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून मामा संध्याकाळी पायी तिथे जात. कुणाला हवी असेल तर प्रार्थना करत.

पाळकसाहेबांना हे पटत नव्हतं. "मामा, तेवढ्या भाड्यात घरोघर पत्रकं जातील. येशूचं शुभवर्तमान पोचायला हवं."

"साहेब, ज्याला पाठ टेकायला जागा नाही, तो वाचणार काय?"

माणसं येत, रडत, हात जोडून निघून जात. कुणी पातेलं नेलं, एकाने तर नळाची तोटीच काढून नेली. "प्लंबरच्या खोलीतला नळ! छाती हवी हो," म्हणत मामी पोट धरून हसल्या. पण त्यातलं कुणीही कधी मंडळीत आलं नाही. रविवारी मामांची नजर दाराकडे जायची, तेवढंच.

मग मामींची मूत्रपिंडं निकामी झाली. डायलिसिस आणि भाडं दोन्ही झेपेना.

"माझं काय व्हायचं ते होईल," मामींनी बजावलं, "खोली सोडायची नाही."

मामांनी मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी मालकाला किल्ली देऊन आले.

मामी विचारायच्या, "आज कोण आलंय?"

"एक आजोबा आहेत. सोबत सून आहे. नातवाचं ऑपरेशन आहे."

मामी डोळे मिटून त्या नातवासाठी प्रार्थना करायच्या. मामांना मनातून रोज नवी माणसं आणावी लागायची. खरं सांगायचं त्यांनी अनेकदा ठरवलं, पण जीभ उचलली नाही. वाचवलेलं भाडंही उपचारांना पुरलं नाही. शेवटच्या दिवशी मामींनी विचारलं, "नातू बरा झाला?"

"घरी गेला," मामा म्हणाले.

दफनानंतर पाळकसाहेबांनी मामांचा खांदा दाबला. "तुमचंच बरोबर होतं. मामींची ती खोली आता मंडळी चालवेल."

मामांनी मान डोलावली. त्या खोलीत औषधांचं दुकान थाटून कितीतरी महिने झाले होते. रात्री ते प्रार्थनेला गुडघ्यांवर बसले, पण शब्द फुटेना. शेवटी दिवा मालवून तसेच पडून राहिले.